किर्लोस्करांचा नांगर

खानदेशात तापी नदीच्या उत्तरेस शिरपूर हे गाव वसलेले आहे. गावाजवळून अरुणावती नदी वाहते आणि उत्तरेकडे सातपुड्याच्या निळसर रांगा दिसतात. सातपुडा आणि तापी यांच्यामधील ही जमीन काळी, खोल आणि कसदार आहे. पावसाळ्यात ती चालणाऱ्याचे पाय धरून ठेवते, तर उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. कापूस आणि ज्वारी या जमिनीत उत्तम पिकतात. परंतु हरळी आणि कुंदा ही तणेही तिच्यात तितकीच सुखाने वाढतात. त्यांच्या मुळ्या इतक्या खोल जातात की वखराच्या चार पाळ्या घातल्या, तरी पुढच्या पावसाळ्यात तण पुन्हा डोके वर काढते. त्याचा नायनाट करावयाचा, तर जमीन खोलवर उलथली पाहिजे. ते काम लाकडी नांगराचे नव्हे. त्यासाठी लोखंडी नांगरच हवा.

पूर्वी गावोगावी लाकडी नांगर असत आणि ते गावचा सुतार घडवीत असे. बाभळीचे लाकूड शेतकऱ्याने आणून द्यावे, सुताराने तासून नांगर करावा आणि सुगीच्या वेळी त्याचे बलुते त्यास मिळावे, अशी रीत होती. लाकूड चांगले की वाईट हे शेतकऱ्यास डोळ्यांनी दिसे. नांगर मोडला तर सुताराचे घर चार पावलांवर होते. त्याने कामात कसूर केली, तर दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात त्याचा बभ्रा होई. त्यामुळे सुतारास आपली अब्रू सांभाळूनच काम करावे लागे.

लोखंडी नांगराची गोष्ट मात्र निराळी होती. तो शेकडो मैल दूर असलेल्या कारखान्यात तयार होई. करणाऱ्याचे तोंड घेणाऱ्याने कधी पाहिलेले नसे. शेतकरी बैलाचे दात पाहून त्याचे वय सांगेल, ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून तो नवा की जुना हे ओळखील. पण लोखंडाच्या पोटात काय दडले आहे, हे त्यास कसे कळावे? बीड ओतताना आत हवेचा एखादा बुडबुडा राहिला, तर वरून काही दिसत नाही. रंगाचा हात फिरला की चांगला फाळ आणि वाईट फाळ सारखेच काळे दिसतात. खरे काय ते ऐन नांगरटीच्या वेळी, फाळ दगडाला लागून त्याचे दोन तुकडे झाले म्हणजेच समजते. आणि तेव्हा पैसे देऊन झालेले असतात, भाड्याचे बैल उभे असतात आणि वेळ निघून चाललेली असते. अशा वस्तूच्या बाबतीत घेणारा खरोखर लोखंड घेत नसतो. करणाऱ्याच्या नावावर तो विश्वास टाकीत असतो.

ज्यांच्या नावावर महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी असा विश्वास टाकला, ते लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर होत. परंतु तो विश्वास त्यांना सहजासहजी मिळाला नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. घरी विद्येचा मान होता, पण लक्ष्मणाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे, हे त्याचे दोन छंद. अखेरीस चित्रकला शिकण्यासाठी तो मुंबईस गेला आणि जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाला. हात चांगला होता, रेघ नेमकी उतरे. पण पुढे असे आढळून आले की, काही रंगांमधील भेद त्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठे दुर्दैव कोणते? दुसरा एखादा खचून गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. ते यांत्रिक चित्रकला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. शिकविण्याचे काम संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात आणि यंत्रे कशी चालतात हे स्वतः हाताने करून पाहत. परदेशी मासिके आणि यंत्रांच्या किमतींची पुस्तके ते बारकाईने वाचीत.

याच काळात त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. स्वतः मुंबईस नोकरीत. तेथून सायकली घेऊन पाठवाव्यात आणि थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामूअण्णा, यांनी त्या बेळगावात विकाव्यात, अशी व्यवस्था होती. त्या काळी सायकल ही मोठी महागडी आणि नवलाची वस्तू होती. ती घेणारास चालविता येत नसे. म्हणून रामूअण्णा सायकल विकीत आणि ती चालवावयासही शिकवीत. दुकानावर किर्लोस्कर बंधू असे नाव लागले. पुढे मोठ्या उद्योगाने धारण केलेले नाव प्रथम लागले, ते या लहानशा दुकानावर.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना हक्काची बढती मिळावयाची होती. ती त्यांना डावलून दुसऱ्या एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणराव मानी होते. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परत आले. हा अन्याय झाला नसता, तर ते कदाचित निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले असते आणि महाराष्ट्र एका कारखानदारास मुकला असता.

सायकली विकण्यात त्यांचे मन फार काळ रमले नाही. दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यापेक्षा आपण काही घडवावे, असे त्यांना वाटे. देश शेतकऱ्यांचा; तेव्हा घडवावयाचे ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे, हेही ओघानेच आले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. त्यामागोमाग, विसाव्या शतकाच्या आरंभी, लोखंडी नांगर तयार केला.

नांगर तयार झाला. पण तो घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. सुमारे दोन वर्षे नांगर नुसते पडून राहिले. आजच्या वाचकास हा समज ऐकून हसू येईल. परंतु असे हसणे योग्य नाही. कारण अमेरिकेतील शेतकरीही एके काळी हेच म्हणत होते. न्यू जर्सी प्रांतातील चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली बिडाचा नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते, असे म्हणून तेथील शेतकऱ्यांनी तो नाकारला होता. ज्याची सारी मिळकत एका शेतात आहे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहावे, यात मूर्खपणा नाही. एक वर्ष पीक बुडाले तर त्याच्या घरची चूल विझते. नांगर करणाऱ्याचे मात्र फारसे काही बिघडत नाही.

दुसरी अडचण याहून नाजूक होती. ज्या थोड्या लोकांना लोखंडी नांगराचे महत्त्व पटले होते, ते विलायती नांगर घेत. इंग्लंडात इप्स्विच या गावी रॅन्सम नावाच्या घराण्याचा मोठा कारखाना होता. बिडाचा रस थंड लोखंडावर पडला, तर फाळाची एक बाजू अतिशय कठीण होते आणि वापरात तो आपोआप धारदार राहतो, ही युक्ती रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली शोधून काढली होती. शंभर वर्षांचा अनुभव आणि शंभर वर्षांचे नाव अशा कारखान्यांच्या पाठीशी होते. बेळगावातील एका माजी शिक्षकाच्या पाठीशी काय होते? लक्ष्मणराव प्रामाणिक होते, हे त्यांचे बंधू आणि मित्र जाणत होते. पण मनातील प्रामाणिकपणा बाजारात कोणाला दिसत नाही. तो वस्तूत उतरावा लागतो आणि ती वस्तू एक-दोन हंगाम शेतात राबावी लागते. तोवर गिऱ्हाइकाच्या लेखी प्रामाणिक कारखानदार आणि लबाड कारखानदार हे सारखेच अनोळखी असतात.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांपुढे दोन मार्ग होते. नांगर स्वस्त करावा, हा एक. त्यासाठी बीड हलके वापरले की झाले. नांगर विलायती नांगराच्या तोडीचा करावा, हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग धरला. फाळ मऊ राहिला तर झिजतो. फार कठीण झाला तर दगडावर फुटतो. काळ्या जमिनीस जो लागतो, तो माळाच्या मुरमाड जमिनीत चालत नाही. ज्या मातीत अवजार चालवावयाचे, त्या मातीस ते साजेसे असले पाहिजे, असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. येथील माती, येथील बैल आणि येथील शेतकरी ते रोज पाहत होते, आणि इप्स्विचच्या कारखानदारास न मिळणारी अशी ही एक सोय त्यांच्यापाशी होती. हळूहळू नांगर विकले जाऊ लागले. एकाच्या शेतातील खोल नांगरट पाहून शेजाऱ्याने चौकशी करावी, असे होत होत विषाची समजूत मागे पडली. ती व्याख्यानांनी गेली नाही. डोलणाऱ्या पिकांनी घालविली.

धंदा जरा उभा राहतो, तोच नवे संकट आले. कारखान्याची जागा बेळगावच्या नगरपालिकेस हवी होती, म्हणून ती सोडावी लागली. जावे कोठे? या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस आले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांना चांगले ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ आपल्या संस्थानातील बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. त्या काळी दहा हजार ही फार मोठी रक्कम होती. लक्ष्मणरावांच्या चोख व्यवहारावर विसंबून दिलेले हे कर्ज होते.

जमीन मिळाली, पण ती कशी! चहूकडे निवडुंगाचे रान, त्यात सापांचा सुळसुळाट, पाण्याचा दुष्काळ. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या मोजक्या सहकाऱ्यांसह तेथे राहावयास गेले. ओतशाळा, कर्मशाळा आणि घरे एकाच वेळी उभी राहू लागली. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था आपल्याकडे घेतली. शंभोराव जांभेकर यंत्रांच्या कामात रमले. या वसाहतीस किर्लोस्करवाडी हे नाव पडले. निवडुंग गेला, झाडे लागली, स्वच्छ रस्ते झाले, शाळा निघाली. कामगारांनी नीटनेटक्या घरांत राहावे, दारूपासून दूर असावे, त्यांची मुले शिकावीत, याकडे लक्ष्मणरावांचे लक्ष असे. अस्पृश्यता त्यांना मान्य नव्हती आणि वाडीत ती चालू नये, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी वाडीच्या पहाऱ्याचे काम सोपविले, ही गोष्ट त्या काळी अनेकांना धाडसाची वाटली. ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीत नव्हते, त्यांच्या हाती साऱ्या वाडीची राखण दिली गेली. आणि ती त्यांनी चोख केली.

येथे एक प्रश्न मनात येतो. कामगारांस नीट घर मिळते की नाही, पहारेकरी कोण आहे, याच्याशी नांगर घेणाऱ्या शेतकऱ्यास काय करावयाचे? शिरपूरच्या बाजारात नांगराची घासाघीस करणारा माणूस कारखान्यातील कामगारांच्या घरांची चौकशी करीत नाही. तो किंमत विचारतो, वजन पाहतो, फाळावर अंगठा फिरवितो. हे खरेच आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. पण ओतशाळेत काय घडते, ते पाहिले म्हणजे या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मिळते. साच्याची वाळू नीट चाळली आहे की नाही, बिडाचा रस पुरेसा तापला आहे की नाही, हे पाहणारा मालक नसतो; भट्टीपाशी घाम गाळणारा कामगार असतो. साच्यातून काढलेल्या फाळावर बारीकशी चीर दिसली, तर तो फाळ पुन्हा भट्टीत टाकावयाचा की रंग देऊन पुढे ढकलावयाचा, हे त्याच्याच हातात असते. मालक आपणास फसवीत नाही, अशी ज्याची खात्री आहे, त्याला मालकाचे नाव राखावेसे वाटते. ज्याची तशी खात्री नाही, तो म्हणतो, आपल्याला काय त्याचे! त्या चिरेची वार्ता शेवटी शेतकऱ्यापर्यंत पोहोचतेच, मग ती कोणत्या वाटेने आली हे त्याला न कळो.

नांगराच्या धंद्यात आणखी एक गोम आहे. नांगर एकदाच घेतला जातो, पण फाळ झिजतो आणि तो पुनःपुन्हा घ्यावा लागतो. म्हणजे गिऱ्हाईक कारखान्याशी कायमचे बांधले जाते. पहिला नांगर विकून मिळणारा नफा थोडा. पुढील वर्षानुवर्षे फाळ घेण्यासाठी तेच गिऱ्हाईक परत आले, तर त्यात धंद्याचे बळ. एकदा फसलेला शेतकरी दुसऱ्यांदा येत नाही, आणि येत नाही तो एकटाच नव्हे. पारावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात तो चारचौघांना सांगतो. काही दुकानदारांना एकदाच भेटणाऱ्या गिऱ्हाइकास फसवून जाता येते, हेही खोटे नाही. यात्रेत माल विकून दुसऱ्या दिवशी गाव सोडणाऱ्याची अब्रू त्याच्या पाठीमागे येत नाही. किर्लोस्करवाडी मात्र जागची हलणारी नव्हती.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येईनासे झाले आणि किर्लोस्करांच्या नांगरास मागणी वाढली. एका दृष्टीने हे भाग्यच. पण त्याच वेळी परदेशी बीड आणि भट्टीस लागणारा दगडी कोळशाचा कोकही मिळेनासा झाला. वाडीत लाकडी कोळशावर भट्टी चालविण्याचे प्रयोग झाले. जुने बीड मिळेल तेथून गोळा करण्यात आले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील निकामी तोफा नांगरांसाठी दिल्या, असे सांगतात. जिच्या तोंडून एके काळी गोळे सुटत, ती तोफ वितळून तिचा फाळ व्हावा, हे चित्र मोठे विलक्षण आहे.

असा काळ कारखानदाराची खरी परीक्षा पाहतो. दुसरा नांगर बाजारात नाही. शेतकऱ्यास गरज आहे. तेव्हा मिळेल ते बीड ओतून, मागेल ती किंमत घेऊन त्याच्या गळ्यात मारावे, असा मोह अशा वेळी कोणालाही होईल. त्या चार वर्षांत अशा मोहाला बळी पडणारा कारखाना पैसा पुष्कळ मिळवील. पण १९१८ साली युद्ध संपून विलायती माल पुन्हा येऊ लागला, म्हणजे त्याचे गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठ फिरवील. किर्लोस्करांच्या बाबतीत तसे झाले नाही. विलायती नांगर पुन्हा आले, तरी वाडीची भट्टी विझली नाही. उलट १९२० साली किर्लोस्कर बंधू ही लोकांचे भांडवल असलेली मर्यादित कंपनी झाली. नांगर घेणाऱ्यांचा विश्वास पाहूनच भांडवल देणाऱ्यांनीही आपला पैसा विश्वासाने दिला असावा.

याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक सुरू केले. शंकररावांकडे विक्रीचे आणि जाहिरातीचे काम होते. त्यासाठी ते खेड्यापाड्यांतून पुष्कळ हिंडले. बाजारात आणि जत्रेत नांगर नेऊन दाखवावा, शेतकऱ्यांशी बोलावे, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात, असा त्यांचा क्रम असे. जाहिरात म्हणजे नुसती बढाई, असा अनेकांचा समज असतो, आणि पुष्कळ जाहिरातींच्या बाबतीत तो खराही असतो. पण मोठ्याने घेतलेले नाव कारखानदारास बांधूनही टाकते. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही, त्याचा नांगर मोडला तर फारसे कोणाला कळत नाही. ज्याचे नाव भिंतीभिंतीवर आहे, त्याचा एक फाळ मोडला तरी तालुक्यात बोलबाला होतो. पुढे या लहानशा खबरीचे मराठीतील एका प्रसिद्ध मासिकात रूपांतर झाले, ही कथा निराळी.

नांगरामागून ऊस पिळण्याचे चरक आले, पाण्याचे पंप आले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात विद्यालयात यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले. जुन्या कारखानदारास नवे ज्ञान लाभले. पुढे हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे, पुण्यास तेलाची इंजिने आणि बंगळूर येथे विजेची यंत्रे तयार होऊ लागली. विहिरीवर इंजिन बसवावयाचे तर ही मोठी रक्कम; नांगरापेक्षा कितीतरी अधिक. इंजिनाच्या पोटात काय आहे, हे फाळाच्या पोटातील दोषापेक्षाही शेतकऱ्यास कमी कळणार. अशा वेळी त्याने आठवावे काय? आपल्या वडिलांनी घेतलेला नांगर आठवावा, तो किती वर्षे टिकला हे आठवावे. नांगराने मिळविलेले नाव इंजिनाच्या उपयोगी पडले. मात्र नावाचा हा गुण दुधारी आहे. नवी वस्तू वाईट निघाली, तर जुन्या नांगराचीही अब्रू तीच घालविते. म्हणूनच मोठे नाव ज्याने मिळविले, त्याला लहान दुकानदारापेक्षा अधिक जपून वागावे लागते.

लक्ष्मणराव स्वभावाने अबोल आणि कामसू होते. यंत्रापाशी उभे राहून हातांना तेल लागलेले त्यांना आवडे. यश मिळाल्यावरही त्यांची राहणी साधीच राहिली. ते आजच्या अर्थाने फार मोठे संशोधक नव्हते. नांगर त्यांनी शोधून काढला नव्हता, पंपही नव्हता. दुसऱ्या देशांत तयार होणारी वस्तू आपल्या मातीसाठी, आपल्या माणसांच्या हातून, तितक्याच किंवा त्याहून चांगल्या प्रतीची करता येते, हे त्यांनी दाखविले. परदेशी ते उत्तम आणि देशी ते ठेंगणे, असा समज त्या काळी सुशिक्षितांतही होता. तो समज सभांतील ठरावांनी तितका ढळला नाही, जितका शेतकऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या त्या काळ्या नांगराने ढळला. स्वदेशी म्हणून एकदा कोणीही नांगर घेईल. दुसऱ्यांदा मात्र चांगला म्हणूनच घेईल, हे लक्ष्मणराव पक्के ओळखून होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या स्थानकावर ते निवडुंगाचे रान पाहण्यासाठी उतरले होते, त्याचे कुंडल रोड हे नाव जाऊन तेथे आता किर्लोस्करवाडी अशी पाटी आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ती दिसते.